दुहेरी मापांची पाच मीटर स्टील टेप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर असलेली टेप घ्यावी की एकाच पद्धतीची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; त्याचे उत्तर मला एक फळी वाया गेल्यावर मिळाले. भिंतीतल्या कोनाड्याची रुंदी जुन्या इंची टेपने ३६ इंच भरली होती, फळी कापणाऱ्याला माप सेंटिमीटरमध्ये हवे होते, आणि एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर हा डोक्यात बसलेला हिशेब लावून मी त्याला ९० सेंटिमीटर सांगितले. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंच नेमका २.५४ सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे खरी रुंदी ९१.४४ सेंटिमीटर होती आणि फळी जवळजवळ दीड सेंटिमीटर आखूड आली. त्यानंतर ही टेप घेतली.

वरच्या कडेला इंच व त्याचे सोळावे भाग आणि खालच्या कडेला मिलिमीटर अशी तिची आखणी आहे. पहिल्या फुटापुरते इंचाचे बत्तिसावे भागही दिले आहेत. सोळावा भाग सुमारे १.५९ मिलिमीटरचा, तर बत्तिसावा सुमारे ०.७९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे पहिल्या फुटात इंचाची कड अधिक बारीक माप देते आणि त्यापुढे मिलिमीटरची. सुतारकामात ज्याला सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग थोड्या लांब रेघेने दाखवला असल्याने ‘तीन सूत’ शोधत बसावे लागत नाही. इंचांचे आकडे काळे आणि सेंटिमीटरचे लाल आहेत, आणि हा मला या टेपचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण रेघ एका कडेची पाहून आकडा दुसऱ्या कडेचा वाचणे ही अशा टेपवर सहज होणारी चूक आहे.

दोन्ही मापे समोरासमोर असल्यामुळे गुणाकार करावा लागत नाही, पण ही सोय जपून वापरावी लागते. ३६ इंचांच्या रेघेसमोर डोळ्यांना ९१४ मिलिमीटर दिसतात, खरे मूल्य मात्र ९१४.४ आहे. एका फळीत हा फरक जाणवत नाही; तशाच दहा फळ्या टोकाला टोक लावून बसवायच्या असतील, तर चार मिलिमीटरची फट साचते. म्हणून ज्या मापात कापणी होणार, त्याच कडेने सुरुवातीपासून मोजावे आणि दुसरी कड केवळ पडताळ्यासाठी ठेवावी, असे मी आता करतो. या पडताळ्याचा खरा उपयोग मला प्लायवूडच्या वेळी झाला. आठ बाय चार फुटी म्हणून ओळखली जाणारी शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते, तेव्हा ती फुटांच्या हिशेबापेक्षा लांबीला १.६ आणि रुंदीला ०.८ मिलिमीटर जास्त भरते. दोन भिंतींच्या मध्ये बरोबर आठ फूट मोजून ठेवलेल्या जागेत ती सरळ बसणार नाही, हे दोन्ही कडा एकत्र पाहिल्यावर शीट उचलण्याआधीच कळते.

टीव्हीच्या बाबतीत मात्र टेपची मदत अपुरी पडते. ४३ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. त्याचे १०९ सेंटिमीटर वाचून तेवढी रुंद जागा राखणाऱ्याची फसगत होते, कारण १६:९ प्रमाणाच्या अशा पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, चौकट वेगळी.

उणिवा आहेत. एकाच पद्धतीच्या टेपवर दोन्ही कडांना तीच आखणी असल्यास पेन्सिल कोणत्याही बाजूने टेकवता येते. येथे मिलिमीटर हवे असतील तर खालचीच कड वापरावी लागते, आणि कोपऱ्यात हात अवघडतो. १९.२ इंचांवर एक काळी खूण आहे, जी आठ फुटांचे पाच समान भाग करण्यासाठी असते, पण सोबतच्या पत्रकात तिचा उल्लेखच नाही. टेपवर अचूकतेचा दुसरा वर्ग छापलेला आहे, म्हणजे पाच मीटरमागे १.३ मिलिमीटरपर्यंतची चूक ग्राह्य धरली जाते. घरकामाला हे पुरेसे आहे. टोकाचे हुक किंचित हलते तो दोष नाही, कारण बाहेरून अडकवले किंवा आतून टेकवले तरी हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ते तसे बसवलेले असते.

दिवसभर एकाच मापात काम करणाऱ्याला मी ही टेप सुचवणार नाही. घरात एखादी वस्तू इंचांत आणि दुसरी मिलिमीटरमध्ये येत असेल, तर ती अवश्य घ्यावी. आठ महिन्यांत पहिल्या काही सेंटिमीटरवरचा लेप झिजला आहे, म्हणून नाजूक कामात मी १० सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजतो आणि शेवटी १० वजा करतो; तेव्हा मात्र इंचांच्या कडेकडे मुळीच पाहत नाही.