‘फोर स्ट्रोक आहे काकू, नुसतं पेट्रोल घाला’

आमचं घर कोल्हापुरात, आर. के. नगरच्या पुढे, पाचगावच्या बाजूला उतारावर आहे. मागे साधारण चार गुंठे मोकळी जागा आहे, आणि तिचं खालचं टोक वरच्यापेक्षा चांगलं पुरुषभर खाली आहे. जमीन मुरमाड, मध्ये मध्ये डोकं काढलेले दगड. जूनचा पाऊस लागला की ऑगस्टपर्यंत गवत गुडघ्याच्या वर जातं. पूर्वी खालच्या गल्लीतले म्हैसवाले ते वैरण म्हणून कापून न्यायचे. त्यांनी म्हशी विकल्या. भांगलणीच्या बायका उसात जातात, अंगणातल्या गवतासाठी कोण येणार? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे विळा घेऊन बसणं बंद. त्यात दोन वर्षांपूर्वी नळाजवळ घोणस निघाली. तेव्हापासून मागचं गवत वाढलं की मला रात्री झोप लागत नाही. आम्ही घाईत होतो ते असे, आणि समोरच्याने ही घाई ओळखली.

एका कृषी प्रदर्शनात गवत कापायच्या मशीनचा स्टॉल होता. केशरी रंगाचं यंत्र, लांब दांडा, पुढे चाकांची जोडणी. मुलगा पंचवीस-सव्वीसचा, बोलायला गोड. आमची जागा उताराची आहे, दगड आहेत, मशीन चालवणारे साठीच्या पुढचे आहेत, हे सगळं मी त्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, “काकू, तुमच्यासाठीच आहे हे. चाकं लावली की उतारावर गाडीसारखं फिरतं. फोर स्ट्रोक जपानी इंजिन आहे, ऑइल मिसळायची भानगड नाही. नुसतं पेट्रोल घाला आणि दोरी ओढा.” चोवीस हजारांचं मशीन प्रदर्शनापुरतं १८,५०० ला. आम्ही १०,००० फोनवरून पाठवले, बाकीचे रोख दिले.

डेमो त्याने स्टॉलमागच्या सपाट, वाळलेल्या हिरवळीवर दिला. इंजिन सुरू होताना निळसर धूर आला. ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, “नवीन आहे ना काका, आतला रंग जळतोय.” पात्याजवळचं प्लास्टिकचं संरक्षक त्याने काढून ठेवलं होतं, गवत अडकतं म्हणून. पावती मागितली तर वर ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला, त्यावर रबरी शिक्का. जीएसटीचा नंबर होता, तो मी महिन्याने मोजला. असा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. याची अक्षरं चौदाच भरली. तो नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की विक्रेत्याचं नाव दिसतं, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी स्टॉलवर उभी राहूनच तपासलं असतं.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी चाकांचं खरं कळलं. ओल्या गवतात, उतारावर, ती चाकं धरत नाहीत. यंत्र खाली सरकतं आणि माणूस त्याच्या मागे ओढला जातो. ह्यांनी चाकं काढून पट्टा खांद्यावर घेतला. दहा मिनिटांत पात्याखाली एक दगड आला आणि त्याचा तुकडा ह्यांच्या नडगीवर बसला. पँट फाटून रक्त आलं. तोच डोळ्यावर बसला असता तर, हा विचार मला अजून सुटत नाही. पुढे कळलं की दगडाच्या जागेत लोखंडी पातं लावायचंच नसतं, नायलॉनची दोरी लावायची. संरक्षक कधीच काढायचं नाही, डोळ्यावर चष्मा आणि पायात बूट हवेत, आणि चालू असताना पंधरा मीटरच्या आत दुसरं कुणी नको. यातलं एक अक्षर विकणाऱ्याने सांगितलं नाही. पुस्तिकाही दिली नव्हती.

तरी यंत्र चालत होतं म्हणून आम्ही गप्प बसलो. टाकी त्याने भरून दिली होती. ती संपल्यावर आम्ही पंपावरून साधं पेट्रोल आणून घातलं, जसं त्याने सांगितलं तसं. पाव तासात इंजिनाचा आवाज चिरका झाला, मग कर्र करून बंद. दोरी ओढली तर जागची हलेना.

यंत्र रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या मेकॅनिककडे नेलं. त्यांनी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हातात घेतलं. झाकणावर ‘४ स्ट्रोक’ असा चकचकीत स्टिकर होता. नखाने कोपरा उचलून त्यांनी तो सोलला. खाली प्लास्टिकमध्येच उठवलेलं चित्र होतं: पेट्रोल पंप आणि शेजारी तेलाचा थेंब. म्हणाले, “वहिनी, हे टू स्ट्रोक हाय. पेट्रोलात ऑइल मिसळल्याबिगर चालतच न्हाई. फोर स्ट्रोकला ऑइल घालायचं येगळं भोक असतंय, आत काडी असते मापायची. ह्यात ऑइलचं भांडंच न्हाई, घालणार कुठं?” मग त्यांनी इंजिन उघडून पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. आंगठ्याएवढ्या उंचीचा तो ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, मांजराने नखं ओढावीत तसे. तेल नसल्याने पिस्टन आतल्या भिंतीला घासून तिथेच अडकला होता.

म्हणजे पहिल्या टाकीत त्या मुलाने स्वतः तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं होतं. डेमोचा निळा धूर त्या तेलाचा होता. नेमकं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, आणि आम्हाला त्याने उलटं सांगितलं. एवढ्या शांतपणे माणूस असं करू शकतो याचा मला पैशापेक्षा जास्त त्रास झाला. असल्या इंजिनाला किती तेल लागतं ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुष्कळ यंत्रांना एका लिटरला ४० मिली टू-टी ऑइल चालतं, म्हणजे पंचवीसास एक. सगळा खेळ चाळीस मिलीचा होता.

फोन केला तर तोच मुलगा म्हणाला, “ऑइल न घालता चालवलंत, वॉरंटी गेली.” मी म्हटलं, “अरे, नुसतं पेट्रोल घाला असं तूच व्हॉट्सॲपवर लिहिलंयस.” त्यानंतर फोन बंद. शिक्क्यावरच्या पत्त्यावर आम्ही जाऊन आलो, तिथे शिलाईचं दुकान आहे. प्रदर्शनवाले म्हणाले, स्टॉल दुसऱ्याच्या नावावर होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि दोन वर्षांची मुदत असते. आमची अडचण पत्त्याची आहे. हाती धरायला आहे ते फोनवरून पाठवलेल्या दहा हजारांचं नाव आणि त्याचे मेसेज. रोख दिलेल्या साडेआठ हजारांना काहीच पुरावा नाही. पोलिसांतही अर्ज दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

गवताचं मात्र मार्गी लागलं. उताराच्या बऱ्याच भागात कापायचं गवतच ठेवलं नाही. दगडांच्या दोन ताली घातल्या आणि त्यांच्या कडेने वाळा आणि गवती चहा लावला. वाळ्याची मुळं खोल जातात, पावसात माती धरून ठेवतात. सपाट राहिला तेवढा तुकडा हाताने ढकलायच्या साध्या कटरने मीही कापते. उरलेल्यासाठी पावसाळ्यात दोन-तीनदा पाठीवरचं मशीनवाला येतो. मी त्याला आधी उतार दाखवला, तिथेच ओल्या गवतात पाच मिनिटं चालवायला लावलं आणि मगच दर ठरवला.

मागच्या आठवड्यात नणंदेच्या ओळखीतल्या इचलकरंजीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनीही केशरी यंत्र घेतलं होतं, त्याच गोड बोलण्यावर. मी विचारलं, पेट्रोल घातलंत का? म्हणाल्या, नाही, दुकानाने भरून दिलेलंच अजून संपायचंय. मी त्यांना फोन न ठेवता झाकणावरचा स्टिकर नखाने काढायला सांगितलं. थोडा वेळ नुसता खरवडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, “हो हो, थेंब आहे.”