पेंटॅक्स के१०००: सुईच्या भरवशावरचा कॅमेरा

१९७६ साली बाजारात आलेला आणि १९९७ पर्यंत फारसा न बदलता बनत राहिलेला पेंटॅक्स के१००० हा फिल्म रोलचा कॅमेरा गेली तीन वर्षे मी वापरतो आहे. त्याची बॅटरी फक्त प्रकाशमापकापुरती लागते. एक सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे शटर स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालत असल्यामुळे बॅटरी संपली तरी फोटो अडत नाही. ज्या कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे या सरळ यंत्राचे अप्रूप वाटावे, यात नवल नाही.

पंचगंगा घाटावर सकाळी काळ्या दगडी दीपमाळेकडे कॅमेरा वळवला की व्ह्यूफाइंडरमधील प्रकाशमापकाची सुई खाली जाते आणि नदीकडे वळवला की वर उसळते. ती मध्यावर आणण्यासाठी लेन्सची कडी फिरवताना प्रकाश वाचण्याची जी सवय लागते, ती मला मोबाईलने कधी लावली नाही. उणिवाही आहेत. सेल्फ टायमर नाही, आणि मापकाला बंद करण्याचे बटण नसल्याने लेन्सचे झाकण लावायला विसरले की बॅटरी उतरते. जुना नग घेताना मागच्या दारातील, आत प्रकाश शिरू न देणाऱ्या फोमच्या पट्ट्या बोटाने दाबून पाहाव्यात; माझ्या कॅमेऱ्यातील पट्ट्या चिकट झाल्या होत्या, हे विकणाऱ्याने सांगितलेच नाही, आणि रंकाळ्यावर काढलेल्या पहिल्या रोलच्या ३६ पैकी निम्म्या फोटोंवर प्रकाशाचे ओघळ आले. पट्ट्या बदलल्यापासून मात्र तक्रार नाही.