चाटण वीट की मोकळी भुकटी?

कुरण कितीही हिरवं असलं तरी खनिजं वरून द्यावी लागतात, हे ठाऊक आहे असं धरूनच लिहितो. प्रश्न उरतो तो कोणत्या रूपात द्यायची याचा. जनावरांनी चाटायची खनिजांची घट्ट वीट आणि गव्हाणीत ओतायची मोकळी भुकटी, गायी आणि मेंढ्या एकत्र चरणाऱ्या कळपासाठी मी हे दोन्ही प्रकार वापरले आहेत.

विटेची सोय नाकारता येत नाही. एकदा नेऊन ठेवली की बरेच दिवस बघावं लागत नाही. वाऱ्याने उडत नाही, सर आली तर वरचा थर तेवढा झिजतो. रोज जाणं होत नाही अशा लांबच्या कुरणात आजही मी वीटच ठेवीन. फक्त युरियाची वीट पावसात उघड्यावर नको. ती विरघळून साचलेलं पाणी जनावर प्यालं तर विषबाधा होते.

माझा विटेवरचा जीव उडाला तो दांडग्या गायीमुळे. अशी एक बहुतेक कळपांत असतेच. ती विटेपाशी उभी राहते, सावकाश चाटते, मध्येच रवंथ करते, पुन्हा चाटते आणि जागा काही सोडत नाही. दुसरी जवळ आली की नुसती मान वळवते, तेवढं पुरतं. कालवडी लांबूनच बघून निघून जातात. मेंढ्यांची तर पाळीच येत नाही, आणि आली तरी कडक विटेवर त्यांच्या जिभेला फारसं काही लागत नाही, मग दातांनी कुरतडत बसतात. विटा वाढवून, दूरदूर ठेवूनही पाहिल्या. थोडा फरक पडतो. पण जितक्या विटा तितक्या दांडग्या तयार होतात, असं माझं आपलं निरीक्षण. वीट झिजताना दिसते आणि कळपाला खनिज मिळतंय असं वाटत राहतं. नेमकं कोणाच्या पोटात जातंय, ते कळायला मार्ग नाही.

भुकटी जिभेला पटकन येते, त्यामुळे दांडगी गायसुद्धा थोड्या वेळात तिचं तिचं उरकून बाजूला होते. गव्हाण लांबट असली की बऱ्याच जणींची तोंडं एकदम आत जातात. शिवाय खाण्यावर थोडा ताबा ठेवता येतो. गायीला दिवसाला साधारण 50 ते 100 ग्रॅम आणि मेंढीला 10 ते 20 ग्रॅम, असा ढोबळ अंदाज. पक्का आकडा पिशवीवरचा. जास्त संपायला लागली तर मिठाचं प्रमाण वाढवावं किंवा गव्हाण पाणवठ्यापासून लांब न्यावी. कोणी तोंडच लावत नसेल तर थोडा कोंडा किंवा मळी मिसळावी. मॅग्नेशियम ऑक्साइड असलेलं मिश्रण बेचव लागतं, तिथे तर हे करावंच लागतं. विटेत असा हात घालता येत नाही.

भुकटीचं वैर पावसाशी. भिजली की तिचे दगड होतात आणि मग कोणीच ढुंकून बघत नाही. वर छप्पर, तीन बाजू बंद, उघडी बाजू वाऱ्याकडे पाठ करून, आणि एका वेळी थोडीच ओतायची. हा व्याप आहे, पण मला तो परवडला.

आता तांबं. इथे मात्र वीट की भुकटी हा वादच नाही: गायींचं मिश्रण मेंढ्यांच्या तोंडी लागता कामा नये. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं. महिनोन्महिने काही दिसत नाही आणि मग एखाद्या ताणाच्या वेळी ते एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी गडद लाल, आणि तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं. गायींची गव्हाण उंच बांधून भागवणारे आहेत. पण गायीच्या तोंडातून खाली सांडतं ते मेंढ्या चाटतातच. म्हणून मी सगळ्यांना मेंढ्यांचंच, तांबं न घातलेलं मिश्रण देतो.

मग गायींना तांबं कमी पडू शकतं, विशेषतः जिथे चाऱ्यात मॉलिब्डेनम (तांबं अंगी लागू न देणारं खनिज) जास्त असतं. त्यासाठी पशुवैद्यांकडून आधी तपासणी करून फक्त गायींना बोलस, म्हणजे घशातून पोटात सोडायची मोठी, जड गोळी. तो जाळीपोटात (गायीच्या पोटाच्या एका कप्प्यात) बसून काही महिने तांबं, कोबाल्ट, सेलेनियम झिरपवत राहतो आणि तिथे कोणी कोणाला हुसकावू शकत नाही. अर्थात नुसत्या बोलसवर भागणार नाही: कॅल्शियम आणि फॉस्फरस इतके लागतात की ते बोलसमध्ये मावत नाहीत, त्यामुळे गव्हाण भरणं काही चुकत नाही.