आतच लॉक की शेजारी नवं फंक्शन?

मॉड्यूलमध्ये रेस कंडिशन (दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, एकाच डेटावर एकदम हात घालून गोंधळ करतात ती चूक) सापडली की मी आधी फंक्शनच्या आतच लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घालून पाहतो. नाव, आर्ग्युमेंट तीच राहतात. जुन्या कॉलरना, म्हणजे ते फंक्शन वापरणाऱ्या कोडला, धक्काही लागत नाही. पण 'नोंद आहे का?' आणि 'नोंद काढ' हे दोन वेगळे कॉल असले, तर दोन्हींत लॉक असूनही मधल्या क्षणी दुसरा थ्रेड ती नोंद पळवतो. तिथे दोन्ही कामं एकाच लॉकखाली उरकणारं नवं फंक्शनच हवं.

जुनं मात्र लगेच उडवू नये. लिनक्सने बिग कर्नल लॉकखाली (सिस्टिमच्या गाभ्यासाठीच्या एकाच मोठ्या लॉकखाली) चालणाऱ्या आयऑक्टलशेजारी (ड्रायव्हरला खास आज्ञा देणाऱ्या फंक्शनशेजारी) २००५ मध्ये, २.६.११ आवृत्तीत, ते लॉक न घेणारं 'अनलॉक्ड आयऑक्टल' आणलं. जुनं काढलं ते थेट २०१० मध्ये, २.६.३६ ला. तोवर ड्रायव्हर एकेक करून बदलता आले.