गॅस्ट्रिक बँड आणि त्यानंतरची पाठपुरावा सेवा : परभणीच्या एका रुग्णाचा अभिप्राय

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुधा रुग्णाला घरी सोडतात तिथेच थांबते. गॅस्ट्रिक बँडची कसोटी मात्र घरी आल्यानंतर लागते आणि ती दोन-तीन वर्षे चालते. म्हणून मी येथे दोन गोष्टींविषयी लिहीत आहे: बँड हे उपकरण, आणि छत्रपती संभाजीनगरमधील ज्या रुग्णालयात मी त्याच्या तपासणीसाठी परभणीहून जाते तेथील पाठपुरावा सेवा. वजन फार सावकाश उतरत असताना उमेद टिकवून ठेवायची असेल, तर या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

बँड म्हणजे सिलिकॉनचे एक पोकळ कडे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवतात आणि त्याच्या वर साधारण 15 ते 30 मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी शिल्लक ठेवतात. कड्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या एका छोट्या पोर्टला जोडलेली असते. त्या पोर्टमध्ये सुईने सलाईन भरले की कडे आवळते आणि काढून घेतले की सैल होते. जठराचा कोणताही भाग कापला जात नाही, आतड्यांचा मार्ग बदलला जात नाही, आणि गरज पडल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेने बँड काढूनही टाकता येतो. वजन संथ उतरण्याचे कारणही यातच आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकल्यामुळे भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही बरेच कमी होते. बँडमध्ये तसे घडत नाही. बँड घास अडवून धरतो आणि पोट भरल्याची जाणीव लवकर करून देतो; बाकी सर्व काम रुग्णाच्या ताटात आणि पायांत राहते.

दुर्बिणीने असा बँड बसवण्याची पद्धत मितिकु बेलाचेव या शल्यचिकित्सकांनी 1993 मध्ये बेल्जियममध्ये सुरू केली आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाला मान्यता दिली. त्यानंतर काही वर्षे त्याचा बोलबाला होता. आता जगभर स्लीव्ह आणि बायपास (जठर लहान करून आतड्यांचा मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया) यांचेच प्रमाण जास्त आहे आणि नवे बँड फार कमी बसवले जातात. त्यामुळे ज्यांच्या पोटात आधीच बँड आहे, त्यांच्यासाठी त्यात सलाईन भरून देणारे जाणकार हात मिळणे हीच मोठी अडचण होऊन बसली आहे. माझी शस्त्रक्रिया मराठवाड्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात झाली. तेथे शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण नंतरच्या तपासण्यांसाठी फोन केला की दरवेळी नवा आवाज आणि नवे उत्तर मिळत असे. छत्रपती संभाजीनगरच्या या रुग्णालयाने दुसरीकडे बसवलेल्या बँडची जबाबदारी कुरकुर न करता घेतली, ही त्यांच्या बाजूची पहिली आणि मोठी जमेची गोष्ट आहे.

आता वजनाच्या हिशेबाविषयी लिहिते, कारण निराशेचे मूळ बहुतेक वेळा याच हिशेबात असते. डॉक्टर सांगतात की बँडने ‘जादा वजनाच्या’ साधारण 40 ते 50 टक्के वजन कमी होते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘वजनाच्या’ एवढाच शब्द राहतो. माझी उंची 157 सेंटिमीटर आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वजन 102 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 25 धरला तर या उंचीला 62 किलोपर्यंत वजन चालते, म्हणजे जादा वजन झाले 40 किलो. त्याच्या निम्मे 20. ही घट दीड-दोन वर्षांत किंवा त्याहूनही अधिक काळात पसरलेली असते. सुरुवातीच्या महिन्यांत आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरले तर बँडच्या दृष्टीने ती चांगली गती मानली जाते आणि पुढे ती मंदावते. स्लीव्ह झालेल्या ओळखीच्या बाईंचे सहा महिन्यांत जेवढे उतरले तेवढे माझे का उतरले नाही, हा प्रश्न मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारला, तेव्हा त्यांनी हे गणित माझ्याच वहीत, माझ्याच आकड्यांनी मांडून दाखवले. शाळेत मी स्वतः गणित शिकवते, तरी हा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी कोणी असा समोर ठेवला नव्हता. तो आधी कळला असता, तर पहिल्या वर्षातील अनेक रात्री शांत झोपेच्या गेल्या असत्या.

या सेवेचा गाभा म्हणजे फिलिंग, अर्थात पोर्टमधून बँडमध्ये सलाईन भरणे. पहिले फिलिंग साधारणतः शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी करतात आणि पुढे भूक, घट आणि त्रास पाहून थोडे थोडे वाढवत नेतात. बँडच्या प्रकारानुसार त्यात एकूण 4 ते 14 मिलिलिटर सलाईन मावते, आणि एका वेळी अर्धा-एक मिलिलिटरचा फरकही जेवणात लगेच जाणवतो. येथे टेबलावर निजवून डोके किंचित उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि बोटांना पोर्ट सापडतो. मग ह्यूबर सुई वापरतात. साध्या सुईने पोर्टच्या पडद्याला कायमचे छिद्र पडू शकते, म्हणून ही सुई वेगळी असते. आधी आत असलेले सलाईन काढून मोजतात, नोंदीशी ताडून पाहतात आणि मगच नवे प्रमाण भरतात. त्यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. उठवून बसवतात, पेलाभर पाणी देतात आणि परिचारिका समोर खुर्ची घेऊन बसते. ‘बाई, घाई नका करू, एक एक घोट घ्या आणि कुठं अडतंय का ते सांगा,’ असे म्हणत ती पेला रिकामा होईपर्यंत हलत नाही. पाणी छातीच्या हाडामागे क्षणभर रेंगाळून खाली उतरले तर ठीक. तिथेच साचून राहिले तर थोडे सलाईन लगेच परत काढून घेतात. परभणी दूर आहे, रात्री त्रास झाला तर धावत येता येणार नाही, हे लक्षात घेऊन मला तर आणखी थोडा वेळ थांबवून दुसऱ्यांदा पाणी प्यायला लावतात.

मध्येच घट पूर्ण थांबते, ती का थांबते, हेही येथेच नीट समजले. वजन कमी होताना जठराभोवतीची चरबीही कमी होते, त्यामुळे तेवढ्याच सलाईनवर बँड सैल पडतो आणि भूक परत येते. शिवाय शरीर हलके झाले की त्याची ऊर्जेची गरजही घटते. म्हणजे काटा थांबला तर ते दरवेळी मनोनिग्रहाचे अपयश नसते. अनेकदा तो फक्त पुढच्या फिलिंगची वेळ झाल्याचा निरोप असतो. मात्र दरवेळी बँड आवळणे हेही उत्तर नव्हे. तो फार घट्ट झाला की भाकरी, उसळ, भाज्या खाली उतरत नाहीत आणि माणूस आपोआप खीर, आइस्क्रीम, बिस्किटे यांकडे वळतो, जी विनासायास उतरतात आणि वजन वाढवतात. मी एकदा अधिक सलाईन भरण्याचा आग्रह धरला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला आणि आधी आठवडाभराच्या जेवणाची नोंद आणायला सांगितले. रुग्णाला खूश करण्यापेक्षा त्याचे हित पाहणारा हा नकार मला आजही आदराचा वाटतो.

जेवणाविषयीचा सल्ला हा या सेवेचा दुसरा भक्कम भाग आहे, आणि तो मराठवाड्यातल्या घरात पाळता येईल असा आहे. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतर काही आठवडे मऊ, कुस्करलेले अन्न आणि मग घट्ट अन्न, हा क्रम सगळीकडे सारखाच. खरी गोम त्यानंतर आहे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी वरणात किंवा आमटीत कुस्करून खाण्याची सवय घराघरांत आहे, आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तर सगळे प्रेमाने तेच वाढतात. पण असा काला बँडमधून सरळ घसरून जातो, वरची पिशवी भरत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. भाकरी कोरडी, लहान तुकड्यांत, मटकीच्या उसळीसोबत किंवा घट्ट पिठल्यासोबत, प्रत्येक घास पुरता चावून खाल्ली, तर अर्ध्या भाकरीत जेवण होते आणि ते पुढचे चार-पाच तास टिकते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि नंतरही अर्धा-एक तास थांबायचे, यामागेही हेच कारण आहे. गव्हाची मऊ पोळी आणि चिकट भात मला अडतात, भाकरी मात्र चुरा होऊन नीट उतरते. सर्वांचे असेच असेल असे नाही. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीविषयी मात्र येथे सर्वांनाच सावध करतात, आणि चिकटपणा पाहता ते योग्यच आहे. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भाकरी, हा ताटातील क्रम आणि दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनांचे उद्दिष्ट हे दोन्ही आता आमच्या स्वयंपाकघरात रुळले आहेत.

त्याच आहारतज्ज्ञ बाई दर भेटीत वजनासोबत कमरेचा घेर, रक्तदाब, तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए1सी हा आकडा आणि चालू असलेल्या गोळ्या अशा सर्व नोंदी एकाच तक्त्यात लिहितात. वजन जागचे हलले नाही त्या महिन्यातही माझा घेर कमी झालेला दिसला आणि मधुमेहाच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी घटवली. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के घटीनेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात, आणि एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे त्यांनी आकड्यांसह समजावले. लग्नाच्या पंगतीत ‘ऑपरेशन करून एवढंच उतरलं होय?’ असे विचारणाऱ्या मावशींना हा तक्ता दाखवता येत नाही, पण मला तो ठाऊक असतो आणि तेवढे पुरते. रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी करा, हा त्यांचा नियम मी प्रत्येकाला सांगेन. शरीरातील पाण्यामुळे रोजचा आकडा वर-खाली होतो आणि उगाच जीव कासावीस करतो.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. आहारतज्ज्ञ बाई आठवड्यातील ठरावीक दिवशीच असतात, त्यामुळे फिलिंग आणि आहाराचा सल्ला एकाच फेरीत जुळवताना शाळेची रजा, मराठवाडा एक्स्प्रेसची वेळ आणि डॉक्टरांची वेळ या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. घरी देण्यासाठीचे माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे आणि त्यातील तक्त्यात ओट्स, ब्रोकोली आणि टोफू आहेत. तोंडी सल्ला इतका आपल्या मातीतला असताना कागद परका असावा हे खटकते. सासूबाईंना किंवा गावाकडून आलेल्या नातेवाइकांना वाचायला देता येईल असे मराठी पत्रक निघाले, तर घरातला प्रेमाचा आग्रह निम्मा तरी कमी होईल. येथे येणाऱ्या रुग्णांना एकमेकांशी बोलता यावे अशी बैठकही येथे होत नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही जे बोलतो तेवढेच, आणि त्या बाकावरही पुष्कळ धीर मिळतो, म्हणून ही उणीव अधिक जाणवते.

धोक्याच्या खुणा मात्र येथे पहिल्याच भेटीत मराठीत समजावून सांगतात आणि पुन्हा म्हणून दाखवायला लावतात. प्यायलेले पाणीही उलटून पडत असेल, रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येऊन खोकला येत असेल, पोटात सतत दुखत असेल, किंवा घास अडण्याची जाणीव अचानक पूर्ण नाहीशी झाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. बँड जागेवरून सरकणे, वरची पिशवी फुगणे, नळीतून किंवा पोर्टमधून गळती होणे किंवा बँड जठराच्या भिंतीत रुतणे या गुंतागुंती काही वर्षांनीही उद्भवू शकतात. पोर्टच्या जागी उशिरा सूज किंवा पू दिसला तर तोही आत रुतलेल्या बँडचा संकेत असू शकतो. गर्भारपणात किंवा मोठ्या आजारपणात सलाईन काढून बँड सैल करतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यातील अनेक जठराच्या अस्तराला इजा करतात.

आज कोणी मला नव्याने बँड बसवावा का असे विचारले, तर मी आधी स्लीव्ह आणि बायपासविषयीही डॉक्टरांशी सविस्तर बोलायला सांगेन. शस्त्रक्रिया नव्हे तर फिलिंग आणि पाठपुरावा कोण, कुठे आणि किती वर्षे करणार, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय मी कोणालाही बँडची शिफारस करणार नाही. ज्यांच्या पोटात बँड आधीच आहे आणि काटा हलत नाही म्हणून ज्यांनी तपासणीला जाणेच सोडले आहे, त्यांना मात्र मी आग्रहाने सांगते की लातूर, नांदेड, बीड, जालना, जेथे कोठे असाल तेथून बँडचे काम जाणणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा अवश्य जा. अनेकदा प्रश्न एखाद्या मिलिलिटरचाच असतो. जाताना शस्त्रक्रियेचा अहवाल, बँडचा प्रकार आणि क्षमता, आणि शेवटच्या फिलिंगच्या वेळी आत किती सलाईन होते याची नोंद सोबत न्या. ही कागदपत्रे हाती नसतील तर जेथे शस्त्रक्रिया झाली तेथून ती आधी मागवून घ्या, कारण त्यांच्याविना डॉक्टरांना पहिली भेट केवळ बँड ओळखण्यात आणि एक्स-रे काढण्यात घालवावी लागते.