पार्श्वसंगीत शिकायचं तर आधी कोणता चित्रपट: ‘पथेर पांचाली’, ‘सायको’ की ‘शोले’?

कोल्हापुरात सिनेमावर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. पण बोलणं बहुतेक वेळा गाण्यांवर येऊन थांबतं. ‘ऐरणीच्या देवा’ची पहिली ओळ कोणी म्हटली की दुसरी आपोआप येते. गीत खेबूडकरांचं आणि संगीत ‘आनंदघन’ या नावानं लतादीदींचं, हेही लगेच सांगितलं जातं. त्याच ‘साधी माणसं’मध्ये गाणं नसताना काय वाजतं, हे मात्र क्वचितच कोणाला आठवतं. तेच ऐकायला शिकायचं असेल, चार-पाच जणांनी मिळून महिन्यातून एकदा बसायचं ठरवलं असेल, तर पहिला चित्रपट कोणता घ्यावा? त्यासाठी हा आढावा.

तीन चित्रपट समोर ठेवतो: ‘पथेर पांचाली’ (१९५५, संगीत पंडित रविशंकर), ‘सायको’ (१९६०, बर्नार्ड हरमन) आणि ‘शोले’ (१९७५, राहुल देव बर्मन). माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला राग थोडाफार ओळखू येतो, त्यानं ‘पथेर पांचाली’पासून सुरुवात करावी. ज्याला येत नाही, त्यानं ‘सायको’पासून. ‘शोले’ तिसऱ्या बैठकीला ठेवावा. ‘साधी माणसं’चे दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांचे आपल्या मातीतले चित्रपट मी पहिल्याच बैठकीला घेत नाही, कारण त्यातली गाणी इतकी जोरकस आहेत की कान त्यांचीच वाट बघत बसतो आणि मधलं सगळं निसटून जातं.

राग ओळखण्याची अट घातली ती उगीच नाही. कोल्हापूर हे थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली याच गावातल्या प्रभात कंपनीनं काढला आणि त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांनी दिलं. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेच्या मैफलींनी इथले कान घडवले. घरात कोणी शिकलेलं नसलं तरी नाट्यसंगीत कानावरून गेलेलं असतं. हे भांडवल हाताशी असताना ते बाजूला ठेवून परक्या सुरावटीपासून सुरुवात का करायची?

‘पथेर पांचाली’तला एक प्रसंग जवळून ऐका. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. मुलगी दुर्गा वारल्याचं त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो आणि शेवटी लेकीसाठी आणलेली साडी काढतो. बायको, सर्वजया, ती साडी तोंडाशी धरून कोसळते. तिचं तोंड उघडं दिसतं, पण रडण्याचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई येते, वरच्या पट्टीत, पटदीप रागात. तारशहनाई म्हणजे इसराजाला कर्णा जोडलेलं वाद्य. गजानं वाजतं, पण आवाज फुंकलेल्या वाद्यासारखा, माणसाच्या घशाच्या जवळ जाणारा. दक्षिणामोहन टागोरांनी ते वाजवलंय. सत्यजित राय यांनी अभिनेत्रीचा आवाज काढून तिथे वाद्य ठेवलं, हा निर्णय मला तिन्ही चित्रपटांतला सगळ्यात मोठा वाटतो. आईचा हंबरडा ऐकला असता तर आपण तिच्याकडे बघून हळहळलो असतो. तारशहनाई ऐकताना तो हंबरडा आपल्याच आत उठतो.

पटदीप अनोळखी वाटत असेल तर ‘मर्मबंधातली ठेव ही’ मनात आणा, राग तोच. कोमल गंधार, शुद्ध निषाद, बाकीचे शुद्ध. नाट्यगीतात तो आर्त आणि देखणा आहे. इथे त्याच स्वरांचा आक्रोश झालाय. वाद्य, पट्टी आणि प्रसंग बदलला की रागाचं काय होतं, हे समजावून सांगणारं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे सगळं संगीत एकाच बैठकीत, सुमारे अकरा तासांत ध्वनिमुद्रित झालं. रविशंकरांना दौऱ्यावर जायचं होतं आणि चित्रपट त्यांनी अर्धामुर्धाच पाहिला होता. त्यामुळे काही जागा भरायच्या राहून गेल्या. मिठाईवाल्याच्या मागे दुर्गा, तिचा भाऊ अपू आणि कुत्रा चालत जातात, तळ्यात त्यांची प्रतिबिंबं हलतात, तिथली सतार कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वाजवलीय. घाई कुठे कळते का, हे मुद्दाम शोधत ऐका. मला काही ठिकाणी तुकडा जरा लांबल्यासारखा वाटतो.

आता ‘सायको’. इथे फक्त तंतुवाद्यं आहेत. व्हायोलिन, व्हियोला, चेलो, डबल बास. फुंकवाद्य नाही, ढोल नाही. चित्र कृष्णधवल, म्हणून आवाजही एकाच रंगकुळातला. न्हाणीघरातल्या खुनाचा तुकडा सगळ्या जगाला ठाऊक आहे. दिग्दर्शक हिचकॉकला त्या प्रसंगात संगीतच नको होतं. हरमननं तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकनं मत बदललं. कितीतरी जणांना ते पक्ष्यांचं चिरकणं वाटतं, पण ती व्हायोलिनच आहेत. चित्रपटात इतरत्र वाद्यांवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा चिमटा, लावलेला आहे. इथे तो काढलाय, म्हणून सूर एवढा उघडा आणि खरखरीत लागतो.

शिकण्यासाठी मात्र मी खुनाचा प्रसंग घेणार नाही, त्याआधीचा घेईन. नायिका मॅरियन पैसे घेऊन पळालीय आणि पावसात गाडी चालवतेय. पडद्यावर एवढंच: बाईचा चेहरा, काच, वायपर, समोरच्या गाड्यांचे दिवे. आवाज पूर्ण बंद करून बघा. एक बाई गाडी चालवतेय, बस. मग आवाज लावून बघा. तीच बाई आता पाठलाग होत असल्यासारखी दिसते, मागे कोणी नसताना. पार्श्वसंगीत चित्रात नेमकं काय घालतं, हे पाच मिनिटांत आणि राग-ताल काही माहीत नसताना दाखवणारा दुसरा तुकडा सापडणं कठीण. म्हणून नवख्याला ‘सायको’.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट हाती लागते. घरात पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक षड्ज धरा आणि सा, कोमल ग, प, शुद्ध नी या चार पट्ट्या एकदम दाबा. ‘सायको’ची सुरुवात याच स्वरसमूहावर उभी आहे, अभ्यासक त्याला ‘हिचकॉक कॉर्ड’ म्हणतात. आता बोटं उचला आणि नी सा ग म प नी सां असे एकामागून एक घ्या. हा पटदीपचा आरोह. सा, कोमल ग, प, नी हे स्वर दोन्हीकडे आहेत. एकदम दाबले की अस्वस्थ करतात, कुठेच टेकू देत नाहीत. ओळीनं आले की रडवतात. हरमननं स्वर एकावर एक रचले, रविशंकरांनी एकापुढे एक चालवले. पाश्चात्त्य आणि आपल्या पद्धतीतला फरक वाचून जितका कळत नाही, तितका या दोन दाबण्यांत कळतो. म्हणून पहिला कुठलाही घ्या, दुसऱ्या बैठकीला उरलेला घ्यायचाच.

सोयीचा विचार केला तर ‘सायको’ सोपा: पावणेदोन तासांच्या आसपास, कथा धरून ठेवणारी, प्रत चांगली मिळते. ‘पथेर पांचाली’ दोन तासांच्या थोडा वर आणि बंगालीत, त्यामुळे उपशीर्षकं वाचताना कान दुय्यम होतो. तो आधी एकदा कथेसाठी बघून टाकावा. त्याची प्रतही पारखून घ्या. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. २०१५ मध्ये दुरुस्त केलेली आवृत्ती आली, तीच बघा. जुन्या प्रतींतल्या खरखरीत तारशहनाईचा कस जातो. आणि दोन्हींपैकी काहीही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलो आणि डबल बास त्यात पोचतच नाहीत, म्हणजे ‘सायको’चा अर्धा जीवच गेला. साधा हेडफोनही चालेल.

‘शोले’ तिसरा का? तो पाठ आहे म्हणून. संवाद आपण आधीच मनात म्हणत असतो आणि त्याखालचं संगीत झाकलं जातं. पॉलिडॉरनं संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती घराघरांत, चौकाचौकांत वाजली, तेव्हापासून हे असंच आहे. पण दोन बैठका झाल्यावर हाच चित्रपट नव्यानं सापडतो. बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात तबला आहे, बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा. घोड्याच्या टापा, चाकं आणि तबला यांत कोण कोणाला पळवतंय ते ऐका. तबल्याची आवड असलेल्यानं तर तेवढ्यासाठी बसावं. दुसरा प्रसंग शांत: संध्याकाळी राधा दिवे मालवत जाते आणि जय लांब बसून माउथ ऑर्गन वाजवतो. ही धून कथेतलं पात्रच वाजवतंय, आणि तरीही ती पार्श्वसंगीताचं काम करते. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. नातं पुढे जातं ते तेवढ्या सुरांवर. ठाकूरच्या घरच्यांना मारलं जातं तेव्हा मात्र झोपाळ्याची करकर ऐकू येते. तो आवाजही संगीतकाराइतक्याच विचारानं ठेवलेला आहे.

तीन तासांहून मोठा चित्रपट एका बैठकीत पुरा होणार नाही. हे तीन प्रसंग निवडून घ्या, पुरे आहेत.

कोणत्याही चित्रपटाला रीत एकच ठेवा. प्रसंग आधी जसा आहे तसा बघा, मग आवाज बंद करून, मग डोळे मिटून. वहीत फक्त दोन गोष्टी लिहा: वाद्य कुठे सुरू झालं आणि कुठे थांबलं. ‘छान’, ‘करुण’ असले शब्द पहिल्या महिन्यात लिहूच नका. सुरू होण्यापेक्षा थांबण्याची जागा जास्त बोलते. तिथे संगीतकारानं प्रसंग नटांच्या हाती परत दिलेला असतो.

चौथ्या बैठकीला ‘कुंकू’ (१९३७) घ्या. प्रभात १९२९ साली आपल्याकडे सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. हा चित्रपट तिथला. केशवराव भोळ्यांची गाणी आहेत, पण गाण्यांबाहेर दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला फाटा देऊन प्रसंगातल्याच आवाजांवर काम चालवलंय. भिंतीवरचं घड्याळ त्यात पात्रासारखं वावरतं. तोवर कानाला वाद्यांची सवय झालेली असेल. म्हणून या वेळी वहीत उलटी खूण करा: जिथे तुम्हाला वाद्य वाजावंसं वाटलं ती जागा, आणि तिच्यासमोर, तिथे प्रत्यक्षात कोणता आवाज ठेवलाय ते.