एक वही, दोन दवाखाने आणि पहिलं बाळंतपण: १० महिने वापरल्यावरचा अनुभव

वही साधीच आहे, २०० पानी, रेघांची, कडक पुठ्ठ्याची, सोसायटीच्या खालच्या दुकानातून ७० रुपयांना घेतलेली. तिच्या मधल्या पानावर मी माझा बर्थ प्लॅन लिहिला होता, म्हणजे बाळंतपणात आपल्याला काय हवंय, काय नकोय आणि आयत्या वेळी कोणी काय करायचं याचं एक पान. दिवस गेल्याचं कळल्यापासून ते आता लेक अडीच महिन्यांची झालीय तोपर्यंत ही वही रोज हाताशी होती. फोनमध्ये अ‍ॅप पण होतं, आठवडा कितवा आणि बाळ केवढं झालं ते सांगायचं, पण सातव्या महिन्यात पुण्याचे डॉक्टर सोडून माहेरी जाणाऱ्या बाईला लागतं ते त्यात काहीच नव्हतं. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण म्हटलं की बऱ्याच जणी माहेरीच जातात ना. सहा-सात महिने ज्यांनी तपासलं ते डॉक्टर वेगळे, आणि ऐन वेळी हात धरणार ते वेगळे. या दोघांच्या मधे जे काही सांडतं ते धरून ठेवायला ही वही उपयोगी पडली, बाकी सगळे फायदे नंतरचे.

सुरुवात वाईट झाली होती. पाळीच्या तारखेवरून ७ आठवडे २ दिवस झाले होते आणि पहिल्या सोनोग्राफीत फक्त पिशवी दिसली, ठोके नाहीत. मशीनवर आलं ५ आठवडे ४ दिवस. त्यात दोन दिवस तपकिरी डाग दिसत होते. पुण्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या पाळी पुढेमागे होत असेल तर दिवस उशिरा राहिलेले असू शकतात, १० दिवसांनी परत बघू. ते १० दिवस मी कोणाला सांगू शकत नव्हते, कारण तीन महिने कोणाला सांगायचं नाही असं आईनेच बजावलेलं, आणि नवरा बिचारा काही विचारायला घाबरायचा. त्या रात्री वहीचं पहिलं पान लिहिलं. किती वाजता डाग, रंग कसा, पोटात दुखतंय का, एवढंच. दहाव्या दिवशी स्क्रीनवर ते तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी लुकलुकताना दिसलं, ठोके १३२, आणि मी घरी येऊन त्या आकड्याभोवती लाल पेनने गोल केला. तो गोल अजून आहे. अशा वाट बघण्यात असलेल्या बाईला माझं एकच सांगणं आहे, पाळी अनियमित असेल तर पहिल्याच सोनोग्राफीत धीर सोडू नका, आणि डाग वाढले, लाल जायला लागलं किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर मात्र १० दिवस थांबू नका, त्याच रात्री जा.

सोनोग्राफीमुळे ड्यू डेट १२ दिवस पुढे गेली, आणि इथे वहीचा पहिला तोटा कळला. मी आधीची तारीख खोडली नव्हती, त्यामुळे पुढे दोनदा माझाच गोंधळ झाला की ११ ते १४ आठवड्यांमधली एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी, नेमकी कधी करायची. तारीख बदलली की जुनीवर काट मारा, नवी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्याच्या आत लिहा.

मळमळीचे दिवस तर पानंच्या पानं भरलेत. फोडणीचा वास नको, कुकरची शिट्टी झाली की बाथरूमकडे पळायचं. पण लिहिल्यामुळे एक पॅटर्न सापडला, सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच दोन खारी किंवा मूठभर कुरमुरे खाल्ले आणि मग १५ मिनिटांनी उठले तर उलटी निम्म्यावर यायची. नुसतं आलं-लिंबू मला नाही चाललं, मॅडमनी गोळी दिली तेव्हा बरं वाटलं. फॉलिक अ‍ॅसिड सुरूच होतं, लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून, कॅल्शियम वेगळ्या वेळी. लोह आणि चहा एकत्र घ्यायचं नाही हे मला सांगितलं ते वेटिंगच्या बाकावर बसलेल्या एका ताईंनी, त्यांचं दुसऱ्यांदा होतं. हिमोग्लोबिन १०.२ होतं तेव्हा, ११ च्या खाली म्हणजे कमीच. गोळी लिंबूपाण्यासोबत आणि चहा दोन तासांनी असं केलं, आठव्या महिन्यात ११.४ आलं. त्या बाकावर खरंच खूप शिकायला मिळालं. आम्ही चौघीजणी दर महिन्याला साधारण एकाच दिवशी यायचो, एकमेकींचे रिपोर्ट बघायचो, कोणाला डोहाळे कसले लागलेत ते सांगायचो, आणि कोण कुठे बाळंत होणार हाही विषय तिथेच निघाला. चौघींपैकी तिघी माहेरी जाणार होत्या.

आता प्लॅनबद्दल. पहिला जो लिहिला तो अडीच पानांचा होता आणि बराचसा इंटरनेटवरून उतरवलेला, मंद लाइट, गाणी, पाण्यातलं बाळंतपण, असलं. पुण्याच्या मॅडमनी वरवर नजर टाकून परत दिला. वाईट वाटलं, पण घरी येऊन शांतपणे वाचल्यावर कळलं की मी जिथे बाळंत होणार आहे त्या तालुक्याच्या गावातल्या १२ खाटांच्या दवाखान्याशी यातल्या एकाही ओळीचा संबंध नाही. मग सगळं फाडून नव्याने लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, एकाच पानात, कारण ते वाचणार कोण, तर सिस्टर, आई, वहिनी आणि आजी.

सगळ्यात वर लाल पेनने रक्तगट. मी बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह. ज्यांचा गट निगेटिव्ह आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या अंगात त्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळाला त्याचा धोका असतो, म्हणून २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन देतात आणि बाळंतपणानंतर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत परत. माझं २८ व्या आठवड्यातलं पुण्यात झालं, आधी कूम्ब्स टेस्ट, म्हणजे अशा अँटीबॉडी आधीच तयार झाल्यात का ते बघणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली मग दिलं. मी त्या खोक्यावरचं स्टिकर सोडवून वहीत चिकटवलं आणि खाली तारीख घातली. ३० व्या आठवड्यात माहेरी आल्यावर नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. पुण्याच्या फाइलमध्ये नुसतं इंजेक्शन दिलं असं होतं, कुठलं, कधी, काही नाही. मी वहीचं पान उघडून पुढे केलं. डॉक्टरांनी स्टिकर बघितलं, तारीख बघितली आणि स्वतःच्या केस पेपरवर उतरवून घेतली. तेवढ्या एका पानाने ७० रुपये वसूल झाले माझ्या मते.

त्याच भेटीत प्लॅनपण दाखवला. इथे एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ती भूल, मिळते का, तर नाही, भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, सिझरलाच बोलावतात. हे आधी कळलं ते बरं झालं, मनाची तयारी झाली. सोबत नवरा असावा असं लिहिलं होतं, तर लेबर रूममध्ये दोन टेबलं आणि मधे पडदा, त्यामुळे पुरुष नाही घेत. आधी तर सिस्टर म्हणाल्या कोणीच आत नसतं. मी म्हटलं सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून घरच्या बाईला सोबत थांबायची परवानगी आहे, मग इथे का नाही. भांडले नाही, हात जोडूनच विचारलं. डॉक्टर म्हणाले बाई चालेल, एकच, आणि ती घाबरणारी नको. आईचं बीपी वाढतं, म्हणून वहिनीचं नाव लिहिलं.

खालचं अर्धं पान मात्र वहिनीमुळे झालं. सिझर झालं तर काय, हे मला लिहायचंच नव्हतं, अपशकुन वाटायचा. वहिनीचं चार वर्षांपूर्वी अचानक सिझर झालेलं, शुद्धीवर असून कोणी तिला काही सांगितलं नाही, बाळ दाखवलं ते रात्री, तोवर बाहेर पावडरचं दूध पाजून झालेलं. ती म्हणाली, "ताई, लिही गं. नाही लागलं तर सोन्याहून पिवळं, पण माझ्यासारखं नको व्हायला." देशातलीच आकडेवारी बघितली तर २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत. मी जाणार होते तो खाजगीच. मग लिहिलं: काय चाललंय ते मला सांगत राहा, बाळ लगेच गालाला लावा, तासाभरात अंगावर घ्यायला द्या, पावडरचं दूध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

३८ आठवडे ५ दिवस. रात्री अडीचला पाणी जायला लागलं. कळा नाहीत काही नाहीत. आई म्हणाली सकाळी जाऊ, पण पानावर मीच लिहून ठेवलं होतं की पाणी गेलं की कळांची वाट बघायची नाही, वेळ आणि रंग लिहायचा आणि निघायचं. लिहिलं, २.३५, पाणी स्वच्छ, वास नाही. पुठ्ठ्याच्या आत १०८ नंबर होता, पण भावाने गाडी काढली. दवाखान्यात तेच दोन प्रश्न विचारले आणि मी नुसती वही दाखवली, कारण तोपर्यंत माझी दातखीळ बसली होती थंडीने की भीतीने माहीत नाही.

सकाळी सलाइनमधून कळांचं औषध लावलं, दुपारपर्यंत ५ सेंटीमीटर झालं. वहिनी पूर्ण वेळ कमरेवर तळहाताने दाबत होती, पहिले दोन तास गोल गोल चोळत होती ते मला सहनच होईना, मग मी तिचा हात धरून एका जागी ठेवला, तिथेच, माकडहाडाच्या वर, आणि म्हटलं इथून हलवू नकोस. त्या एका दाबावर मी चार तास काढले. तीनच्या सुमारास पाणी हिरवट दिसलं आणि कळ आली की बाळाचे ठोके खाली जायला लागले. डॉक्टरांनी मशीनची पट्टी दाखवली, म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही. मी हो म्हटलं. वहिनीने सही करायच्या आधी खालचं अर्धं पान डॉक्टरांसमोर धरलं.

४ वाजून १० मिनिटांनी लेक झाली. नाळ थोडं थांबून कापा असं मी लिहिलं होतं, ते नाही झालं, बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे द्यावं लागलं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण भूलतज्ज्ञ डॉक्टर सगळा वेळ डोक्याशी उभे राहून सांगत होते, आता दाब जाणवेल, आता बाळ बाहेर येतंय, रडली बघा. गालाला लावली. ओली, गरम, आणि एकदम गप्प झाली. पाच वाजता ती अंगावर होती, वहिनीने धरलेली, चिकाचं दूध चार थेंब का होईना तिच्या पोटात गेलं. वहिनी तेव्हा रडली, मी नाही.

बाळाचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी राउंडला कोणी इंजेक्शनचा विषय काढला नाही तेव्हा नवऱ्याने वही उघडून सिस्टरना विचारलं, तासाभरात दिलं. कदाचित त्यांनी दिलंच असतं, ७२ तास होते. पण विचारायचं असतं हे त्याला माहीत होतं, कारण लाल पेनने लिहिलं होतं.

घरी आल्यावर प्लॅन संपला असं मला वाटलेलं, तर खरी गरज तिथेच लागली. आजीने सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची तयारी करून ठेवलेली. मी पान दाखवलं, एक वर्षापर्यंत मध नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, गुटी नाही. आजी चष्मा लावून वाचत बसली. म्हणाली, "आम्ही काय पोरं मारली का गं मध चाटवून?" मी म्हटलं, "नाही गं आजी, तू अकरा जणांची बाळंतपणं काढलीस. पण मधातून एक जंतू जातो, मोठ्यांना काही होत नाही, एवढ्याशा बाळाला झेपत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हळिवाचे लाडू घेऊन आली आणि म्हणाली तुझ्या कागदात लाडू बसतात का बघ. बसत होते. शेगडीचा शेक पण घेतला, खिडकी दार उघडं ठेवून, बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही यावर मात्र मी ठाम होते.

चुका सांगते. जेल पेनने लिहू नका, घामाने आणि पाण्याने पसरतं, माझी दोन पानं गेली. पानाची एक झेरॉक्स नवऱ्याकडे आणि एक सोबत येणाऱ्या बाईकडे द्या, मी फक्त फोटो पाठवला होता आणि तिथे रेंज नव्हती. आणि माहेरचा दवाखाना २० व्या आठवड्याच्या आसपास एकदा तरी बघून या, मी ३० व्या आठवड्यात गेले तेव्हा दुसरा शोधायला वेळच उरला नव्हता.

बाकावरच्या चौघींपैकी एकीने प्लॅन केलाच नव्हता, तिचं नीट झालं. एकीचं पान सिस्टरनी वाचलंही नाही. तरी मी वहिनीच्या धाकट्या बहिणीला कालच तशीच वही घेऊन दिलीय, तिला नववा आठवडा आहे आणि ती पण निगेटिव्ह आहे. माझ्या वहीत अजून तीसेक पानं कोरी आहेत, त्यात आता लेकीच्या लसी लिहितेय, दीड महिन्याची आणि अडीच महिन्यांची झाली, साडेतीनची बाकी आहे.